कूलरमधलं हिमयुग

यंदा काशीत धुकं उशिरा आलं आणि उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं उठायचं नाव घेईना. परवा सकाळी मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना समोरून कुणीतरी भारदस्त व्यक्ती येतेय असं दिसलं, म्हणून मी अदबीनं भिंतीला चिकटलो. तीही थांबली. मी नमस्कार केला. उत्तर नाही. जवळ जाऊन बघतो तर सांड. पण धुकं आणखी बोटभर दाट असतं तर त्यानं नमस्काराला नमस्कार केला असता, अशी माझी खात्री आहे.

अशा सकाळी भाजीवाल्याच्या पोत्यावर बथुआचे ढीग लागतात. "चाचा, ले जाइए, ओस में नहाया है," तो म्हणतो. दव नव्हे, नळाचं पाणी असतं, हे त्यालाही ठाऊक, मलाही. मी दोन जुड्या घेतो. घरात शिरेपर्यंत तो बथुआ असतो, उंबरा ओलांडला की चाकवत होतो. आणि चाकवताचा तो मातकट, ओला वास नाकात गेला, की मला एकच हिवाळा आठवतो. सात-आठ वर्षांपूर्वीचा. त्या हिवाळ्यात हिमयुग आमच्या गच्चीवर मुक्कामाला होतं, एका गंजक्या कूलरमध्ये.

हे वाक्य ऐकून लोक हसतात. हसू देत. माझ्या गोष्टींत मीठमसाला असतो हे मी नाकारत नाही. भोसले घाटावरून पोहत पलीकडच्या वाळूवर गेलो, चहा प्यायलो आणि परत आलो, असं मी सांगतो, तेव्हा त्यातला चहा खरा असतो. पण या गोष्टीत मी फक्त धुक्याला हात लावला आहे. बाकी सगळं घडलं तसं.

घरात आम्ही दोघं. मी, बँकेतून निवृत्त झालेला आणि लग्नाच्या भानगडीतून आधीच निवृत्त झालेला. आणि मालूवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. वहिनी साताऱ्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन काशीला आल्या, त्याला तेव्हा पंचेचाळीस वर्षं होत होती. आमचं घराणं इथं कधी आलं याच्या तीन कथा आहेत. एकीत आम्ही राजा घाट बांधणाऱ्यांच्या पालखीबरोबर आलो, दुसरीत पायी आलो, तिसरीत एका रुसलेल्या हत्तीमुळे इथं अडकलो. तिन्ही मीच रचलेल्या आहेत, आणि तिन्हींवर विश्वास ठेवणारे लोक गल्लीत आहेत.

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मैत्रेयी आमच्याकडे राहत होती. नागपूरची पोर, इथं वनस्पतीशास्त्रात पीएचडी करत होती. तिचा विषय म्हणजे अतिथंड प्रदेशातली झाडं. जी उत्तर ध्रुवाजवळही उगवतात आणि हिमालयाच्या माथ्यावरही, पण मधल्या हजारो मैलांत कुठे नावालाही दिसत नाहीत. काशीत राहून हा अभ्यास म्हणजे वाळवंटात होडीचं दुकान टाकण्यासारखं, असं मी म्हणालो होतो. ती म्हणाली, "मामा, म्हणूनच तर इथं कॉम्पिटिशन नाही."

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती रिक्षातून सात कुंड्या घेऊन आली. विभागातली थंड खोली बंद पडली होती आणि ती कधी सुरू होईल हे सांगणारा माणूस रजेवर होता. कुंड्यांत इवली इवली रोपं होती. अंगठ्याच्या पेराएवढी गोल पानं, देठाशी खाच पडलेली, कडेला लालसर. नाव ऑक्सिरिया. हिमालयात झाडांची हद्द संपते त्याच्याही वर, दगडांच्या फटीत उगवणारी.

"गच्चीवर ठेवते," ती म्हणाली. "डिसेंबर-जानेवारीत इथली थंडी त्यांना चालून जाईल. उन्हाळ्यातल्या हिमालयाइतकी असते."

"माकडं?" वहिनी म्हणाल्या.

हा प्रश्न लाख मोलाचा होता. आमच्या गल्लीतली माकडं तुळस सोडत नाहीत. वहिनींनी इतक्या वर्षांत किती वेळा गच्चीवर भाजी लावली असेल, आणि तितक्याच वेळा माकडांनी ती रोपं उपटून, चाखून, आवडली नाहीत म्हणून आमच्याच अंगावर फेकली असतील. शेवटी मी युक्ती काढली. गच्चीच्या कोपऱ्यात जुना कूलर पडून होता, लोखंडी, माणूस उभा मावेल एवढा. हिवाळ्यात त्याला काय काम? त्याचा पंखा काढला, तोंडाला कुलूप घालता येईल अशी जाळी बसवली, बाजूचे वाळ्याचे पडदे काढून ठेवले, आणि आत कुंड्या मांडल्या. माकडांचा पुढारी रोज सकाळी येऊन जाळीवर कपाळ टेकून बसे. त्याच्या चेहऱ्यावर इतकी जिज्ञासा असे, की मैत्रेयीनं त्याला गाइड म्हणून घ्यावं असं मी सुचवलं.

आता यातली मेख. सातांपैकी सहा कुंड्यांतली रोपं दऱ्याखोऱ्यांतली. त्यांची सुकवलेली पानं तिच्याकडे पाकिटात होतीच. सातवी कुंडी मात्र एका उंच कड्यावरच्या बियांची. त्या कड्यावरून आणलेल्या पानांच्या पाकिटाला परतीच्या पावसात बुरशी लागली होती. उरल्या होत्या अकरा बिया. त्यांतल्या दोन उगवल्या, एक जगली. त्या एका रोपाला जेमतेम पाच पानं. मैत्रेयीला त्यांतली दोन-तीन हवी होती, सुकवून डीएनए तपासायला पाठवण्यासाठी.

"मग काढ की," मी म्हणालो.

"एवढ्यात नाही. आता काढली तर रोप मरून जाईल. थोडं जोर धरू दे. संक्रांत झाली की काढते."

तिची फेलोशिप मार्चमध्ये संपणार होती. कड्यावर पुन्हा जायचं तर बर्फ वितळेपर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत थांबायला हवं होतं, आणि नागपूरहून तिच्या वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, की या वर्षी संपव नाहीतर घरी ये. त्या पाच पानांवर पोरीची चार वर्षं टांगली होती.

एका रविवारी दहाच्या सुमाराला ऊन पडलं. ऊन म्हणजे काय, सूर्य आहे अशी अफवा. आम्ही तिघं गच्चीवर. मैत्रेयी खाटेवर रजई ओढून गुडघे वर करून बसली होती. वहिनी हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या आणि मी सोललेले खात होतो. वहिनींनी विचारलं, "त्या एका कुंडीत एवढं काय आहे गं? पाला तर सगळा सारखाच दिसतो."

"सांगते. आता समजा, मी डोंगर आहे."

"समजायला वेळ नाही लागायचा," वहिनी म्हणाल्या. "थंडीत चांगली भरलीयेस."

"मामी, ऐका ना. ही रजई म्हणजे बर्फ. हजारो वर्षं पृथ्वी अशी गारठली होती. उत्तरेकडे तर कोस-कोस जाड बर्फ. सपाट. खाली जे होतं ते गाडलं गेलं. आपल्या हिमालयात बर्फ दऱ्यांमधून खाली उतरला. आता हे गुडघे बघा. रजईच्या वर आलेत. अशी काही टोकं बर्फाच्या वर उघडी राहिली."

"मग हा पाला होता कुठे तेव्हा?"

"तेच तर शोधून राहिले ना सगळे. एक म्हणतात, तो गुडघ्यांवर टिकून राहिला. दगडाच्या फटीत, वाऱ्यात, तिथल्या तिथे, हजारो वर्षं. दुसरे म्हणतात, छे, गुडघ्यांवरचे तर सारे मेले. काही खाली उतरले, बर्फ नसलेल्या जमिनीवर राहिले, आणि बर्फ हटल्यावर त्यांची पोरंबाळं पुन्हा वर चढली. सातव्या कुंडीतलं रोप हे गुडघ्यावरचं आहे. खालच्यांचं आणि त्याचं रक्त एकच निघालं, तर तो नंतर वर आलेला. वेगळं निघालं, तर..."

"तर तो तिथंच राहिलेला," वहिनी म्हणाल्या. हरभरा सोलायचा हात थांबला होता.

मी तिसरा सिद्धांत मांडला, की हिमयुगात एक साधू त्या कड्यावर तप करत होता आणि बिया त्याच्या जटेत अडकून वाचल्या. मैत्रेयी हसेल असं वाटलं होतं. ती गंभीरपणे म्हणाली, "साधूचं माहीत नाही, पण पक्ष्यांच्या पायाच्या चिखलातून जातात बिया. वाऱ्यानं गोठलेल्या समुद्रावरून घसरत जातात. वाहत्या लाकडांवर बसून जातात. बर्फ वितळल्यावर ध्रुवाकडच्या एकेका बेटावर ही झाडं किती लांबून आली आहेत, तुम्ही मनातसुद्धा नाही आणू शकत." हा माझ्या कल्पनाशक्तीवर सरळ हल्ला होता. मी साठ वर्षं थापा मारून जेवढं अंतर गाठलं नव्हतं, तेवढं एक बी गुपचूप कापून गेलं होतं.

"चुक्याच्या बियांना पंख असतात," वहिनी एकाएकी म्हणाल्या. "लाल-गुलाबी, कागदासारखे. फुंकर मारली की परसाच्या पार."

"ह्याच्या बियांनाही असतात, मामी," मैत्रेयी म्हणाली आणि त्यांच्याकडे जरा निरखून बघू लागली.

त्या दिवशी तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्यावर मी अजून अधूनमधून विचार करतो. मला वाटायचं, हिमयुग म्हणजे या झाडांचा कठीण काळ आणि आजची ऊब म्हणजे सुटका. ती म्हणाली, उलट आहे. गारठा होता तेव्हा बर्फाच्या कडेकडेनं मैलोन्‌मैल उघडी, गार मैदानं होती. तिथं मोठ्या झाडांची सावली नव्हती, अडवणारं कुणी नव्हतं. हे चिमुकले जीव तिथं ऐसपैस पसरले होते. पुढे ऊब आली, तिच्यामागून जंगलं आली, आणि यांना जागा उरली दोनच ठिकाणी. मागे सरकणाऱ्या बर्फाच्या पाठोपाठ उत्तरेला, नाहीतर डोंगराच्या माथ्याकडे. म्हणजे आपण ज्याला बरे दिवस म्हणतो ते त्यांच्या अडचणीचे दिवस. आणि आता तर हवा आणखी तापतेय. ती झाडं वर सरकतायत, पण डोंगर कुठेतरी संपतो. ती थांबली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी खायचं सोडून हरभरा सोलायला घेतला.

आता माझा गुन्हा. संक्रांतीच्या चार दिवस आधी, मैत्रेयी विभागात गेली असताना, मी कूलरची जाळी उघडली. पहिल्या कुंडीतल्या एका पानाची कड नखानं तोडली आणि जिभेवर ठेवली. का, ते विचारू नका. माकडाला रोज जे वाटायचं तेच मला वाटलं, फक्त माझ्याकडे किल्ली होती. आणि त्या क्षणी माझ्या जिभेला मुंग्या आल्या. आंबट. लिंबाचं नव्हे, चिंचेचं नव्हे, पालेभाजीचं हिरवं, स्वच्छ आंबट.

मी धावत खाली गेलो. वयाला न शोभणाऱ्या वेगानं. "वहिनी, मैत्रेयीचा पाला म्हणजे चुका आहे."

इथं थोडं सांगायला हवं. चाकवत आणि चुका ही जोडी आहे. चाकवत बुळबुळीत, मवाळ, आणि त्याला जाग आणतो तो चुका. काशीत चाकवत बथुआच्या नावानं ढिगानं मिळतो, पण चुका आमच्या भाजीवाल्याला माहीतच नाही. मी त्याला एकदा वर्णन करून सांगितलं तर तो म्हणाला, "चाचा, ऊ पालक खराब हो गया होगा." त्यामुळे पंचेचाळीस वर्षं वहिनी ताक घालून चाकवत करत होत्या आणि दर हिवाळ्यात पहिल्या घासाला म्हणत, "चाकवत आहे. चुका नाही." तक्रार नसे त्यात. हजेरी घेतल्यासारखं म्हणत.

वहिनी वर आल्या. पानाचा कपटा जिभेवर ठेवला. दाढेखाली नेऊन चघळला. मग म्हणाल्या, "लहान आहे. पण त्यातलाच आहे."

"भोगीला घाला की मूठभर," मी म्हणालो.

"मैत्रेयीला विचारायला हवं."

"मी विचारलंय. ती म्हणाली, वरची-वरची घ्या."

हे मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो, की मलाच ते खरं वाटलं. थाप मारणाऱ्याचं दुर्दैव हे, की त्याची जीभ चालते तेव्हा तो स्वतः ऐकत नसतो. सातवी कुंडी वेगळी आहे हे मला माहीत होतं. वहिनी सगळ्या कुंड्यांवरून सारखा हात फिरवतील हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

भोगीच्या दिवशी दुपारी मैत्रेयी लवकर घरी आली. बाहेर गल्लीत उद्याच्या खिचडीसाठी, म्हणजे इथल्या संक्रांतीसाठी, चुड्याची, म्हणजे पोह्यांची, पोती उतरत होती आणि वर पतंगांनी आभाळ झाकलं होतं. आत पानात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची मिसळीची भाजी, लोणी आणि वाटीत चाकवत. मैत्रेयीनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. "मामी, आज काय केलंय, मस्त आंबट झालीय," म्हणून वाटी पुढे केली. वहिनींचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता विजेचं बिल येईल. दुसरी वाटी निम्मी झाली आणि मैत्रेयीचा हात थांबला. ती सावकाश चावत होती. मग चावायचं थांबली.

"ही चव मला माहीत आहे," ती म्हणाली. "चढताना घसा सुकला की आम्ही हेच चघळतो."

तिनं भाकरीचा तुकडा पानात ठेवला, हात न धुता उठली आणि जिना चढून गेली. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी लोण्याकडे बघत होतो.

वर गेलो तेव्हा ती कूलरसमोर उकिडवी बसली होती. सातव्या कुंडीत मातीबरोबर पाच बारीक देठांच्या खुणा होत्या. ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

"सातवी पण, मामी?" ती म्हणाली.

वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "चुकलं माझं. मला वाटलं, चालेल."

आता इथं मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट कधीच कुणाला कळली नसती. मी तसा विचार केला, खोटं कशाला सांगू. चांगला एक श्वासभर केला. मग म्हणालो, "त्यांना मी सांगितलं. तू हो म्हणालीस, असं मी सांगितलं." आयुष्यात इतकं कोरडं, बिनमसाल्याचं वाक्य मी पहिल्यांदाच बोललो असेन. मैत्रेयीनं माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुम्ही पण ना," असं ती दिवसातून दहादा म्हणायची. ते ती म्हणाली नाही. तेच मला लागलं.

वहिनी मात्र पुढे झाल्या, गुडघ्यांवर हात टेकून कुंडीपाशी खाली बसल्या आणि बोटानं माती थोडी बाजूला केली. "हे बघ. खुडलंय. उपटलं नाही. मधला कोंभ तसाच आहे."

खरंच होता. गव्हाच्या दाण्याएवढा, जांभळट, घडी घातलेला.

"ह्याला सगळी पानं काढल्यावर ताकद कुठून येणार?" मैत्रेयी म्हणाली.

"खालून. मुळी जाडजूड आहे, हात लावून बघ. आमच्याकडे कोवळ्या चुक्यावर शेरडं तोंड मारून जायची. त्यानं काही तो मरत नाही. तुमच्या डोंगरावर काय, कुणी खात नाही ह्याला?"

मुळीला हात लावत मैत्रेयी म्हणाली, "खातात. तिथल्या जंगली मेंढ्या खातात." मग, जराशी नाइलाजानं, "ध्रुवाकडची माणसंही खातात. कोवळी पानं. भाजीसारखी."

"मग मी काय वेगळं केलं?" वहिनी म्हणाल्या. तो क्षण हसण्याचा नव्हता, म्हणून आम्ही कुणी हसलो नाही. आमच्यामागे जाळीपलीकडे माकड बसलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, की एवढा गोंधळ त्यानंसुद्धा कधी घातला नाही.

त्यानंतरचे दिवस मला तासातासानं आठवतात. संक्रांत झाली आणि काशीची थंडी नेमकी त्या वर्षी लवकर काढता पाय घेऊ लागली. दुपारी ऊन चढे, गच्चीचा दगड तापे, आणि कोंभ होता तेवढाच राही. मैत्रेयी थर्मामीटर घेऊन घरभर हिंडली. जिना, मोरी, देवघर, गल्लीकडचा सज्जा. जिन्यात गार होतं पण उजेड नव्हता. गच्चीवर उजेड होता पण गारवा नव्हता. तिनं मला सांगितलं, की ज्या झाडांनी मधली गरम हजारो वर्षं काढली, त्यांनी हेच केलं. सगळा डोंगर नाही, डोंगरातली एक घळ शोधली. उत्तरेकडे तोंड असलेली, पाणी झिरपणारी, बाहेर कितीही तापलं तरी आपली गारच राहणारी. हातभर जागा. तेवढी पुरते.

मग उपाय समोरच उभा होता, हे वहिनींना दिसलं. "अगं, कूलरला कूलर म्हणून वापरा की."

वाळ्याचे पडदे परत बसवले. पंखा बसवला. पंप बिघडला होता, तर वहिनी तांब्यानं पडद्यांवर पाणी सोडत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, गल्लीतली माणसं स्वेटर घालून फिरत असताना, आमच्या गच्चीवर कूलर घरघरत होता. शेजारच्या छतावरून विचारणा झाली, "चाचा, तबीयत तो ठीक है?" मी म्हणालो, आत हिमालय आहे, उकडतंय त्याला. त्यांनी खाली जाऊन घरच्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण दोन दिवसांनी माझ्यासाठी एका वैद्याचा पत्ता आला.

मी त्या दिवसांत मैत्रेयीसमोर एकही गोष्ट रचली नाही. माझ्या प्रकृतीला हे मानवत नाही, रात्री दात दुखायचे. एका सकाळी मी तांब्या घेऊन वर गेलो तर ती आधीच तिथं होती. मला म्हणाली, "मामा, त्या साधूचं पुढे काय झालं?" मी विचारलं, कुठला. "जटावाला. कड्यावरचा." मी सांगायला लागलो. पंख्याच्या आवाजात अर्धं तिला ऐकू आलं नसेल. तरी ती हसत होती, आणि हसता हसता एका ठिकाणी बघत होती, म्हणून मीही तिकडं बघितलं. कोंभाची घडी उलगडली होती. एक पान. नखाएवढं, चुणीदार, लाल.

महाशिवरात्रीच्या आसपास पानं चार झाली. दोन चांगली अंगठ्याएवढी. दुपारी आता कूलरलाही दम लागत होता, आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. मैत्रेयी सकाळी सगळी तयारी घेऊन बसली. चिमटा, नवं ब्लेड, ओलावा शोषणारे निळे दाणे घातलेलं पाकीट. ब्लेड तिनं दोनदा देठापाशी नेलं आणि दोनदा मागे घेतलं.

"मामी, तुम्हीच काढा."

वहिनींनी पदराला हात पुसले. "ते पातं ठेव बाजूला. लोखंड नको लावूस. इकडे ये, तुझंच बोट दे." त्यांनी तिचं बोट धरून देठाच्या अगदी तळाशी नेलं. "बाहेरचं पान. आतल्याकडे वळायचं नाही. नख असं आडवं. आणि खाली ओढायचं नाही, बाजूला मोडायचं." टिक असा आवाज झाला की नाही, मला सांगता येणार नाही. मी ऐकला. पान मैत्रेयीच्या हातात होतं. मग दुसरं. कोंभ जागच्या जागी होता.

पानं पाकिटात गेली. मैत्रेयीनं वरचं लेबल भरायला घेतलं. ठिकाण, उंची, कुंडीचा क्रमांक, तारीख. शेवटची ओळ होती, नमुना कुणी काढला. तिनं तिथं लिहिलं आणि पाकीट वहिनींसमोर धरलं.

"हे काय?"

"तुमचं नाव, मामी. बोट माझं होतं, हात तुमचा. ज्यानं पान काढलं त्याचं लिहायचं असतं. आता हे कायम राहील ह्याच्याबरोबर. शंभर वर्षांनीसुद्धा कुणी उघडलं तर दिसेल."

वहिनींनी चष्मा वर केला आणि वाचलं. मालती, आणि पुढे आमचं आडनाव. मला वाटलं त्या लाजतील, नको-नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "हे नाही चालायचं."

"का?"

"हे नाव मला इथं लग्नात ठेवलं. तांदळात काढून. खुडायला मी त्याच्या आधी शिकले. तेव्हा मी यमुना होते."

मैत्रेयीनं माझ्याकडे पाहिलं. त्या लग्नात मी होतो. तांदळाचं ताट धरून मीच उभा होतो. साऱ्या गल्लीची मुळं मी चघळून सांगतो, कोण पालखीबरोबर आला आणि कोण हत्तीमुळे अडकला. आणि हे नाव त्या घरात त्या दिवसानंतर कुणी उच्चारलं नव्हतं. मीही नाही.

मैत्रेयीनं लिहिलेलं खोडलं. पेन थांबवून विचारलं, "नुसतं यमुना?"

"गावाचंही लिही," वहिनी म्हणाल्या. "पान तिथल्या हातानं खुडलंय."

लेबलवर जागा थोडी होती. मैत्रेयीनं अक्षर बारीक केलं आणि दोन्ही बसवलं.